शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीवरची कीड फवारून फवारून जात नाही, कोणतं औषध मारू?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरकडे दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, आत ढोबळी मिरची, शेंडे आखडलेत, झाड हलवलं की पांढरी माशी उडते आणि दर चौथ्या दिवशी फवारूनही फरक नाही. भाऊ, माझं शेडनेट चोपडा तालुक्यात आहे, यंदा सहावं वर्ष. पहिल्या वर्षी मीही दुकानोदुकानी हेच विचारत फिरलो. म्हणून औषधाचं नाव नंतर सांगतो, आधी पंप खाली ठेवा आणि पान उलटं करून बघा.

शेंडा आखडला की आपल्याकडे सगळे एकच म्हणतात, बोकड्या आला. दुकानदारही बोकड्याचं म्हणून एक बाटली काढून देतो. पण शेंडा आखडायची कारणं वेगवेगळी असतात. पानं कडांनी वर वळून द्रोणासारखी झाली असतील तर बहुतेक फुलकिडे. खाली वळून उलट्या होडीसारखी झाली असतील तर पिवळा कोळी. तो भिंगाशिवाय दिसतच नाही. फुलकिडे बघायचे तर पोराच्या वहीचं कोरं पान शेंड्याखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर सुईच्या टोकाएवढं, लांबट, पिवळसर काहीतरी लगबगीनं पळायला लागलं की समजा. जून पानांच्या खाली बारीक ठिपके हळूहळू सरकताना दिसले आणि पानावर बारीक पिवळे डाग, कोपऱ्यात जाळं असलं, तर तो लाल कोळी. आणि तिसरं, माशीनं आणलेला विषाणू. ते झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही. उपटा, पिशवीत घाला आणि लांब नेऊन पुरा. बांधावर फेकलं तर माशी तिथून उठून परत आत येते.

कोळ्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या जातीतला, कीटक नव्हे. हे मला फार महागात पडून कळलं. पहिल्या वर्षी माशी दिसली म्हणून मी सिंथेटिक पायरेथ्रॉइड या गटातल्या कीटकनाशकाच्या लागोपाठ तीन फवारण्या घेतल्या. माशी पडली, मी खूश. पंधरा दिवसांत खालची पानं राखाडी पडली आणि शेंड्यांना जाळी लागली. कोळ्याला खाणारे मित्रकीटक औषधानं मेले होते आणि कोळी तसाच राहिला होता. वर मार्च महिना. आपल्या उन्हात कोळ्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. मग कुणीतरी गंधक सांगितलं, ते मी भर दुपारी मारलं. उरलेली पानं त्यानं करपली. पस्तीसच्या वर पारा असेल तर गंधकाला हात लावू नका, आणि खानदेशात मार्चनंतर तो असतोच.

आता तुमची माशी येते कुठून ते बघू. तुमच्या आजूबाजूला कापूस आहे का? असणारच. डिसेंबर-जानेवारीत शेजारी पऱ्हाटी उपटायला लागले, किंवा फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेला कापूस, पाणी तोडून वाळायला लागली, की पांढरी माशी हिरवं शोधत निघते, आणि त्या दिवसांत आसपास सगळ्यात हिरवं तुमचंच शेडनेट असतं. शेजाऱ्याला विचारून ठेवा की पऱ्हाटी कधी काढणार. त्या आठवड्यात दार उघडं राहता कामा नये. सावलीची जाळी म्हणजे कीडरोधक जाळी नव्हे, माशी तिच्यातून आरामात आत येते. बाजूंना 40 मेशची, म्हणजे एका इंचात 40 भोकांची, जाळी हवी. फुलकिडे त्यातूनही घुसतात, पण त्याहून बारीक जाळी लावली तर हवा कोंडते आणि मे महिन्यात आत भट्टी होते, म्हणून मी 40 वरच थांबलो. दार दुहेरी करा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खर्च दोन पडद्यांचा, पण माझ्याकडे सगळ्यात मोठा फरक त्यानंच पडला.

दाराशी काय लावलंय तेही बघा. आमच्या आईनं दारालगत भरिताची सहा वांगी लावली होती. जळगावचं भरिताचं वांगं जीआयवालं, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्याला हात लावायची माझी काय बिशाद! पण त्या सहा झाडांच्या पानांखाली माशी आणि कोळी दोघांचाही कारखाना होता. दोन महिने बोलाचाली झाली, शेवटी वांगी विहिरीपलीकडे गेली. गाजरगवतही काढून टाका.

तोडणीला येणाऱ्या मावशी एकदा हळदी रंगाची साडी नेसून आल्या. तासाभरानं पदरावर माशा मोजता येत नव्हत्या. पिवळ्या रंगावर माशी आणि मावा झेपावतात. तेव्हापासून आमच्याकडे पिवळं नेसून आत जायचं नाही असा नियम आहे, आणि पिवळे चिकट सापळे मात्र गुंठ्याला दोन, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर. फुलकिड्यांसाठी निळे. विकत नको तर पिवळ्या रंगाच्या पत्र्याला एरंडेल चोपडा. सापळ्यानं कीड संपत नाही, पण कोणत्या कोपऱ्यातून येतेय ते कळतं.

आता औषध. तुम्ही मारलेल्या बाटल्यांच्या मागे घटकाचं नाव वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम, अॅसिटामिप्रिड ही नावं तीन, पण गट एकच. आलटूनपालटून हीच मारत राहिलात तर कीड त्याला सरावते. गट बदला: फुलकिड्यांना स्पिनोसॅड, कोळी आणि माशीच्या पिल्लांना स्पायरोमेसिफेन. पिकाचं नाव आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर बघूनच. सुरुवात कमी असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळी शंभर लिटर पाण्याला, संध्याकाळी, आणि नोझल पानाच्या खालून वर धरून. अंडी आणि कोष औषधाला दाद देत नाहीत म्हणून सहा-सात दिवसांनी दुसरी फवारणी लागते. दर चौथ्या दिवशी नको.

आणि मास्क, हातमोजे. 2017 साली यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती तर उघड्या रानात. आपण जाळीच्या आत असतो. फवारल्यावर त्या दिवशी तोडणीवाल्यांना आत पाठवू नका.

खालच्या पानाचा उलट्या बाजूनं जवळून फोटो टाका, आणि आत्तापर्यंत काय काय मारलंत तेही लिहा. मग बघू, कोळी आहे की फुलकिडे.