गाणी गाऊन देश स्वतंत्र होतो का?

प्रश्न : एस्टोनिया म्हणजे रशियाचाच भाग ना? आणि ते गाऊन स्वतंत्र झाले म्हणतात, खरंय?

उत्तर : नाही हो, भाषासुद्धा वेगळी, फिनिशच्या जवळची. जेमतेम १३-१४ लाख लोक, राजधानी टॅलिन. १९१८ला स्वातंत्र्य जाहीर केलं, १९४०मध्ये सोव्हिएतने देश गिळला आणि निळा-काळा-पांढरा झेंडा लावायलाही बंदी. पण १८६९पासूनचा गाण्यांचा महोत्सव लोकांनी सोडला नाही, आणि १९८८च्या उन्हाळ्यात टॅलिनमधल्या महोत्सवाच्या मैदानावर रात्र रात्र गायला लागले, दडवलेले झेंडे बाहेर आले, मला तर हे वाचताना अजूनही भरून येतं. नुसत्या गाण्यांनी झालं नाही, पण धीर त्यातूनच आला. मॉस्कोत सत्तापालटाचा डाव चालू असतानाच, २० ऑगस्ट १९९१ला त्यांनी स्वातंत्र्य परत मिळवलं.