टोपलीतला बांगडा आणि समुद्रातला बांगडा

समुद्राचं पाणी तापतंय आणि किनाऱ्यावरची मासळी बदलतेय, या विषयावर सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमचा माल चिपळूणकडून कुंभार्ली घाटातून येतो. कधी बांगड्याचे क्रेटच्या क्रेट उतरतात, कधी तीन-तीन आठवडे बांगडा दिसत नाही. समुद्रातला बांगडा कमी झाला असं समजायचं का?
– एक मासळी विक्रेत्या, कराड

ताई, नुसत्या क्रेटवरून तसं म्हणता येत नाही. बाजारात आलेला मासा आणि समुद्रात असलेला मासा यांच्यामध्ये होडी, जाळं, डिझेल, वारा आणि भाव एवढं सगळं उभं असतं. म्हणून अभ्यासक आधी विचारतात, की एवढी मासळी आणायला मेहनत किती लागली?

समजा, एका बंदरात एका महिन्यात एकेका दिवसाच्या २० फेऱ्या झाल्या आणि १० टन बांगडा उतरला. म्हणजे फेरीमागे ५०० किलो. काही वर्षांनी त्याच महिन्यात ४० फेऱ्या झाल्या आणि १२ टन उतरला. बाजार म्हणेल, माल वाढला. पण फेरीमागे हिशेब ३०० किलोवर आला. त्यात आता प्रत्येक फेरी दोन दिवसांची असेल, तर दिवसाला १५० किलोच. लिलावातला आकडा चढला आणि समुद्रातल्या माशाची खूण, म्हणजे दिवसामागचं वजन, एक तृतीयांशाच्याही खाली आली. म्हणून वजनाशेजारी फेरीचे दिवस, जाळ्याचा प्रकार आणि जाळं पाण्यात किती तास होतं, हे लिहावंच लागतं. ट्रॉलरचा (जाळं ओढत नेणारी होडी) आणि पर्ससीनचा (थव्याला वेढा घालणारं जाळं) हिशेब एकत्र कधी करू नये.

बांगड्याच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. हा थव्याने राहणारा मासा. एकूण संख्या घटली तरी उरलेला बांगडा थवा करूनच फिरतो, आणि थवा सापडला की जाळं पूर्वीसारखंच भरतं. त्यामुळे ओढीमागचं वजन बराच काळ जिथल्या तिथे राहतं. फरक पडतो तो थवा शोधण्यात. पूर्वी दोन तासांत दिसणारा थवा आठ तासांनी दिसला, तर ते सहा तास हीच खरी बातमी. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, ‘किती मिळालं?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘किती वेळ शोधलं?’ हेही विचारायला हवं. इंजिन मोठं झालं किंवा मासा दाखवणारं यंत्र बसवलं, तर तीही नोंद हवी, नाहीतर यंत्राची करामत माशांच्या नावावर जमा होते.

देशभरातली समुद्री मासळी मोजतात म्हणजे नेमकं काय करतात? प्रत्येक होडी तर तपासता येणार नाही.
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, सांगली

प्रत्येक होडी तपासत नाहीत, नमुना घेतात. १९४७ साली स्थापन झालेली आणि आता कोचीला मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था हे काम करते. मासळी उतरवण्याची केंद्रं निवडतात, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात आणि प्रत्येक भागातून चिठ्ठी काढल्यासारखे दिवस निवडतात. नोंद घेणारा माणूस पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ धक्क्यावर असतो. मधल्या रात्रीचा माल विचारून लिहितो. १५ पर्यंत होड्या आल्या तर सगळ्यांची नोंद होते, जास्त आल्या तर ठराविक अंतराने एकेक होडी निवडतात. त्यावरून दिवसाचा, मग महिन्याचा आणि राज्याचा अंदाज बांधतात. निसटतं ते मुख्यतः भर समुद्रात फेकून दिलेलं. बारीक किंवा भाव नसलेली मासळी धक्क्यापर्यंत येतच नाही, मग तिची नोंद कुठून होणार?

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यात हवा बिघडली की घड जिरतात, हे आम्हाला कळतं. पण एवढ्या अफाट समुद्रात एखाद्या अंशाने माशाला काय होणार?
– द्राक्ष बागायतदार, तासगाव

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. पोंग्यासारखीच, म्हणजे वेलीचा डोळा फुटण्याच्या वेळेसारखीच, माशाचीही नाजूक वेळ असते: अंडी घालण्याची आणि पिल्लं जगण्याची. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सरासरी सुमारे १ अंशाने तापला. बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. पाणी तापलं की श्वास वाढतो, प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तोच कमी पडतो: समुद्राच्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२. शिवाय गरम, हलकं पाणी वर साचून राहिलं की खालचं खतावलेलं पाणी वर येत नाही आणि वनस्पती-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, वाढत नाही. तारली या लहान माशाचं पोट त्याच प्लवंगावर.

केरळात २०१२ साली ३.९ लाख टनांच्या घरात तारली उतरली होती. २०२१ मध्ये ३,२९७ टन. पुढच्याच वर्षी ती पुन्हा लाख टनांच्या वर गेली. एवढी उलथापालथ एकट्या तापमानाच्या माथी मारणं चूक ठरेल. २०१५ चा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याची घटना) होता, पिल्लं बेसुमार पकडली गेली होती. बांगड्याची चाल वेगळी. पूर्वी तो मुख्यतः रत्नागिरीच्या दक्षिणेला मिळायचा, आता उत्तरेलाही मिळतो आणि तळाशी ओढायच्या जाळ्यांतही जास्त येऊ लागला आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर राणी माशाची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, वर्षानुवर्षं महिनावार तपासली, तेव्हा त्याचा विणीचा काळ गरम महिन्यांतून थंड महिन्यांकडे सरकलेला दिसला. वजनाच्या आकड्यांत असला बदल दिसलाच नसता. त्यासाठी माशाचं पोट चिरूनच पाहावं लागतं.

तापमान उपग्रह मोजतोच. मग पाण्यात थर्मामीटर बुडवायची गरज काय?
– शिक्षक, वाई

अवरक्त किरणांवर चालणारा उपग्रह पाण्याची केसाहूनही पातळ साय पाहतो, आणि पावसाळ्यातल्या ढगांतून तीही दिसत नाही. सूक्ष्मलहरींवर चालणारा ढगांतून पाहतो, पण किनाऱ्याजवळ जमिनीमुळे गोंधळतो. खोलवरच्या पाण्यासाठी आर्गो तरंगक नावाची स्वयंचलित यंत्रं आहेत, जी दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत जाऊन येतात. पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात त्यांचा उपयोग नाही. तिथे होडी आणि बादलीच लागते.

बादली सावलीच्या बाजूने, इंजिनचं गरम पाणी पडतं तिथून लांब टाकावी. आधी एकदा भरून ओतून द्यावी, म्हणजे बादलीची स्वतःची उष्णता जाते. थर्मामीटर एक मिनिट पाण्यात ठेवून पाण्यातच वाचावा. बाहेर काढला की ओल्या काचेवर वारा लागून पारा उतरतो. महिन्यातून एकदा तो बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून तपासावा. शून्याऐवजी ०.४ दाखवला, तर प्रत्येक नोंदीतून ०.४ वजा. आणि तुलना मेची मेशी, जानेवारीची जानेवारीशीच करावी. वर्षभरातला चढउतार अनेक वर्षांच्या तापण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

समुद्रापासून इतक्या लांब राहून आमच्या शाळेला काही उपयोगी नोंद ठेवता येईल का?
– विज्ञान मंडळ, मिरज

येईल, माशाच्या लांबीची. एकच जात धरा, बांगडा सोपा. आठवड्याचा ठरलेला दिवस, ठरलेला विक्रेता, आणि ५० नग. लाकडी फळीच्या एका टोकाला उभी पट्टी ठोका, फळीवर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बांगडा उजव्या कुशीवर निजवा, तोंड मिटून उभ्या पट्टीला टेकवा आणि शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजा. टोकांपर्यंत मोजू नका. बर्फात दबून शेपटीची टोकं मोडलेली असतात, बेचका शाबूत राहतो.

पहिली चूक होते निवडताना. हात आपोआप मोठ्या नगाकडे जातो. म्हणून क्रेटच्या एका कोपऱ्यातून सलग ५० उचला. दुसरी, क्रेट आधीच आकाराने निवडलेला असतो. मोठा-मध्यम-बारीक असे तिन्ही क्रेट असतील तर तिन्हींतून घ्या आणि प्रत्येक क्रेटचं वजन लिहा. तिसरी सगळ्यांत मोठी: माल कुठला? रत्नागिरीचा, गोव्याचा की कर्नाटकातला, हे विक्रेत्याला दरवेळी विचारा. कळलं नाही तर ‘माहीत नाही’ लिहा, अंदाज लिहू नका.

नुसती सरासरी काढून थांबू नका, एकेक सेंटिमीटरचे गट पाडून आलेख काढा. सरासरी घसरली तर मोठे बांगडे संपत चालले असतील, किंवा नुकती जन्मलेली पिढी जाळ्यात आली असेल. दुसऱ्या बाबतीत बारीक आकाराचा वेगळा उंचवटा उठतो आणि महिन्यागणिक उजवीकडे सरकतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत मिळणारा बांगडा बहुधा शीतगृहातला किंवा पूर्व किनाऱ्याचा असतो. तो मोजून तक्ता भरू नका. ते रकाने मोकळे ठेवा, आणि समासात ‘बंदी’ असं लिहून ऑगस्टच्या ओळीला लागा.