गुलमर्गच्या बेसिक कोर्सनंतर स्की टूरिंग: पैसे कशावर घालायचे आणि आधी काय शिकायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुलमर्गला बेसिक कोर्स झालाय, पिस्टवर, म्हणजे दाबून तयार केलेल्या उतारावर, वळणं व्यवस्थित घेता येतात, आता गोंडोला (केबल कार) सोडून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि कोऱ्या बर्फातून उतरायचं आहे. व्हिडिओत त्या आखूड, रुंद, खाली केसाळ पट्टी असलेल्या स्की पाहिल्यात. त्या घ्याव्यात का, आणि मर्यादित बजेटमध्ये आधी काय घ्यावं?

सरळ उत्तर: अफरवत, म्हणजे गुलमर्गच्या वरचा डोंगर, डोक्यात असेल तर आखूड स्की घेऊ नका. पैसे आधी बुटांवर आणि मग बीकन (गाडलेला माणूस शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं या तीन वस्तूंवर घाला. स्की पहिले एक-दोन हिवाळे भाड्याने घ्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात, देखण्या स्की आधी घेतात आणि बूट मिळतील ते घालतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

बुटांपासून सुरुवात. कोर्सला मिळालेले बूट उतरण्यासाठी बनवलेले होते, त्यांत घोटा पुढे-मागे हलत नाही. टूरिंगच्या बुटाला मागे एक खटका असतो. तो उघडला की घोटा मोकळा होतो आणि चालता येतं. दुसरं म्हणजे चवड्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या खोबणी हव्यात. फ्रिट्झ बार्टेल या ऑस्ट्रियन माणसाने १९८०च्या दशकात जे पिन बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पिनांनी धरणारं जोडण, शोधलं, त्याच्या पिना या खोबणींतच बसतात. आज टूरिंगची बहुतेक बाइंडिंग याच तत्त्वावर चालतात: चढताना फक्त चवडा धरलेला, टाच मोकळी, उतरताना टाचही अडकवायची. खोबणी नसलेला बूट त्यात बसतच नाही.

माप घेताना आतला मऊ मोजा-बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. दीड ते दोन सेंटीमीटर उरली पाहिजे. तीन उरली तर चढताना टाच घासून सोलून निघेल आणि उतरताना स्की तुमचं ऐकणार नाही. दुकानात गुबगुबीत वाटणारा बूट जवळजवळ नेहमी मोठा असतो. गुलमर्गला टूरिंगचं सामान भाड्याने मिळतं, पण तुमच्या मापाचा बूट मिळेलच असं नाही, म्हणून बूट स्वतःचे हवेत.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी. तिचे केस एका दिशेने झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मोहेर (अंगोरा बकरीचे केस) सरकायला छान, नायलॉनची पकड जास्त आणि टिकतंही जास्त. नवशिक्याने नायलॉन किंवा मिश्र घ्यावं. कापताना दोन्ही कडांची धातूची पट्टी उघडी राहिलीच पाहिजे, नाहीतर कडक उतारावर आडवं चालताना स्की रुतणार नाही, घसरेल. डिंकाच्या बाजूला बर्फ लागू देऊ नका. वर पोचल्यावर स्किन काढली की घडी करून जॅकेटच्या आत, अंगाला लागून ठेवा. थंडीने डिंक कडक झाला की दुसऱ्या चढाईला ती चिकटत नाही. अशा वेळी स्कीभोवती गुंडाळायला दोन रबरी पट्टे खिशात असू द्यात.

आणि चढताना स्की उचलायची नाही, सरकवायची. आपण सह्याद्रीत चढणारी माणसं पाय उचलून टाकतो, ती सवय इथे मांड्यांचा जीव घेते. वजन टाचेवर ठेवून नुसतं पुढे ढकला. कोंगडोरीपर्यंत, म्हणजे गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याच्या स्थानकापर्यंत, असं चढायला जमलं की पुढचं बोलू.

आता खरा मुद्दा. कोर्समध्ये तुम्ही जिथे स्की केलंत तो उतार दुसऱ्या कोणीतरी तपासलेला होता. अफरवतवर गोंडोलाखालचा भाग स्की पेट्रोलची, म्हणजे गस्ती पथकाची, माणसं स्फोटकं लावून मोकळा करतात. हद्दीच्या दोरीपलीकडे हे कोणी करत नाही. गोंडोलाचा फेज दोन, म्हणजे वरचा टप्पा, २००५ साली सुरू झाला तेव्हापासून गुलमर्गच्या २,६५० मीटरवरून जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत तिकीट काढून बसल्या बसल्या जाता येतं. त्यामुळे पर्वताशी काहीही ओळख नसलेला माणूस अर्ध्या तासात हिमस्खलनाच्या उतारावर उभा राहू शकतो. मला गुलमर्गबद्दल सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुम्ही चढून जायचं म्हणताय हे ऐकून म्हणूनच बरं वाटलं. चढताना बर्फ पायाखाली कळत जातो.

काश्मीरात डिसेंबरात बर्फ पातळ असतो आणि निरभ्र रात्री कडाक्याच्या. अशा वेळी जमिनीलगतच्या थराचे जाड साखरेसारखे सुटे दाणे होतात. फावड्याने खड्डा खणून ते मुठीत दाबून बघा, गोळा होत नाही. मग जानेवारीत पश्चिमी झंझावात येतो, दोन दिवसांत मीटरभर बर्फ त्यावर पडतो, आणि वारा तो उचलून धारेच्या आडोशाला आणखी जाड रचतो. वर जड फळी, खाली सुटे दाणे. तुमच्या वजनाने फळी तुटली की सगळा उतार एकदम निघतो. चालताना पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, बर्फ किंचित खचला, तर तो थर कोसळल्याचाच आवाज आहे. तिथे चर्चा करायची नाही, आल्या वाटेने कमी उताराकडे परत फिरायचं.

फळीची बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. आपल्याला स्की करायला मजा येते तोही हाच उतार. पहिल्या हिवाळ्यात ३० अंशांखाली राहा, फोनमधल्या कोनमापकाने रोज मोजा, आठवड्याभरात डोळा तयार होतो. पण पायाखालचा कोन पुरेसा नाही. खिलनमर्ग बघा: ऐसपैस, सौम्य, नवशिक्याला सुरक्षित वाटेल अशी जागा. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथेच सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान स्खलनात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथेच एका रशियन स्कीअरचा जीव गेला. खिलनमर्ग सपाट असलं तरी वर अफरवतचे उतार आहेत आणि ते निघाले की खालीच येतात. अफरवतवरच १ फेब्रुवारी २०२३ रोजी हापतखुडला दोन पोलिश स्कीअर गेले. जवान प्रशिक्षण घेत होते, पाहुणे अनुभवी देशांतून आले होते, तेव्हा 'आम्हाला येतं' हा हिशेब इथे धरू नका.

चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा जिल्हावार निघतो, बारामुल्ला अमुक उंचीच्या वर, धोका अमुक पातळी. तो रोज वाचा, पण तो आख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या घळीचा नाही. स्थानिक पेट्रोलचा सकाळचा अंदाज आणि स्थानिक गाइड, दोन्ही हवेत. वादळाच्या दिवसांत वर न जाता बाबारेशीकडच्या देवदार-पाइनच्या जंगलात उतरणारे लोक उगाच तसं करत नाहीत.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली, नंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणजे वाचवणारे तुमच्या बरोबरचेच, खालून कोणी येईपर्यंत वेळ गेलेली असते. बीकन तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झचा घ्या. सगळ्यांचे बीकन एकमेकांशी याच लहरीवर बोलतात. शोधताना फोन त्यापासून निदान अर्धा मीटर दूर ठेवा. सराव पुण्यात होतो, बर्फ लागत नाही. मित्राला वेताळ टेकडीवर गवतात एक बीकन दडवायला सांगा. शेवटचे तीन मीटर यंत्र जमिनीलगत, न फिरवता, सावकाश पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे न्या, सगळ्यात लहान आकडा जिथे येतो तिथे खूण करा. घाईत हात हलला की आकडे नाचतात. हे घरी कळलेलं बरं. बर्फावर मग तिथून उताराला काटकोनात प्रोब, पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरवर, गोल वाढवत. लागला की प्रोब तसाच ठेवायचा आणि डोक्यावरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जायचं. फावडं धातूचं. प्लास्टिकचं स्खलनाच्या घट्ट झालेल्या बर्फात तुटतं.

आखूड स्कीबद्दल. ही कल्पना खोटी नाही, उलट फार जुनी आहे. अल्ताई पर्वतात लोक लाकडी स्कीला घोड्याचं केसाळ कातडं लावून, हातात एकच लांब काठी घेऊन शतकानुशतकं हिंडतात. आजची १२५ किंवा १४५ सेंटीमीटरची स्की त्यावरूनच आली. साध्या ट्रेकिंग बुटांवर चालते, स्किन काढायची-लावायची कटकट नाही. गुलमर्गच्या मैदानात, सौम्य जंगलात, गुडघाभर बर्फात न रुतता दिवसभर भटकायला ती मला मनापासून आवडते. पण कायमच्या स्किनमुळे ती उतारावर अडखळते, आणि मऊ बुटांमुळे कडक बर्फावर कड रोवता येत नाही. बाकी प्रकारांत, तुम्ही स्नोबोर्डवाले असता तर स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढताना दोन स्कींसारखा वेगळा होणारा बोर्ड, सुचवला असता. टेलिमार्क, म्हणजे नॉर्वेच्या मोर्गेदालची टाच मोकळी ठेवून गुडघा वाकवत वळण्याची पद्धत, सुंदर आहे. आधी साधी वळणं कोऱ्या बर्फात पक्की होऊ द्या. पतंगाने ओढत नेणारं स्नोकाइटिंग मोठ्या, मोकळ्या, वारा सरळ येणाऱ्या पठारांवर शोभतं, पीर पंजालच्या घळींत नाही. स्कीने डोंगर चढण्या-उतरण्याच्या शर्यतीचं अतिहलकं सामान २०२६च्या ऑलिंपिकमुळे चर्चेत आलं, त्याच्याही वाटेला आत्ता जाऊ नका.

आणखी तीन गोष्टी. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. परदेशातल्या मित्राने दिलेला सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय भारतात वापरणं बेकायदा आहे, लोकांना त्यावरून अटक झालेली आहे, नेऊ नका. एअरबॅग (स्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी पाठपिशवी) घेतलीत तर तिच्या सिलिंडरसाठी विमान कंपनीची मंजुरी आधी लेखी घ्या.

पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, वजन आणि बरोबर कोण येणार आहे ते इथे लिहा. बुटाचं माप आणि भाड्याने घ्यायच्या स्कीची लांबी सांगतो. बरोबर कोणीच येणार नसेल तर आधी जोडीदार शोधा, तोवर बाकीची खरेदी थांबवा.