वाचकांचे प्रश्न : टॉर्चचा सेल आणि चार्जर

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते, तेव्हा उसाला दारं धरायला डोक्याची बॅटरी लागते. तिचा सेल गेला. दुकानात '९८०० एमएएच' लिहिलेला सेल स्वस्तात मिळतो, ३००० चा मात्र महाग. कोणता घ्यावा?
– एक शेतकरी, ता. वाळवा

उत्तर : ३००० चाच. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. तुमच्या बॅटरीत बहुधा १८६५० हा लिथियम सेल असेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. एवढ्या नळीत नामांकित कंपन्यासुद्धा साधारण ३५०० एमएएचच बसवतात. ९८०० हा नुसता छापलेला आकडा. आत बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल नवं प्लास्टिक चढवून ठेवलेला असतो. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीत आला तर तिथंच परत द्या.

साध्या टॉर्चमध्ये सेल ठरावीक पातळीखाली उतरू न देणारं सर्किट बहुधा नसतं, म्हणून 'प्रोटेक्टेड' सेल मागा. त्याच्या बुडाला छोटं सर्किट असतं. जास्त चार्ज, जास्त उतरणं किंवा शॉर्ट झालं की ते प्रवाह तोडतं. मात्र त्यामुळे लांबी ६८ ते ७० मिलिमीटर होते. टॉर्चची स्प्रिंग तेवढी दबते का, ते आधी बघा. टॉर्च दोन सेलची असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकदमच घेतलेले हवेत. नव्याबरोबर जुना घातला की जुना आधी उतरतो आणि नवा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो. अशानेच सेल फुटतात.

प्रश्न : जुन्या टॉर्चचा चार्जर पडून आहे, पिनही बसते. चालेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. जुन्या टॉर्चमध्ये बहुतेक लेड-ॲसिड बॅटरी असायची. तिचे स्वस्त चार्जर चार्ज पूर्ण झाला तरी थांबत नाहीत. लिथियम सेलला ४.२ व्होल्टला थांबावंच लागतं. त्यापुढे गेला की आत लिथियम धातू साचतो, वायू होतो, सेल तापतो.

'लि-आयन, ४.२ व्होल्ट' लिहिलेला, प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला चार्जर घ्या. अर्धा ते एक अँपिअर पुरे. एक अँपिअरवर ३००० चा सेल साधारण चार तासांत भरतो. घाई कशाला? चार्जर खरा की खोटा, हे मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) सांगतो. हिरवा दिवा लागल्यावर सेल काढून मोजा. ४.१५ ते ४.२० आलं तर ठीक. ४.२५ च्या वर गेलं तर तो चार्जर वापरू नका, कितीही नवा असो. चार्ज करताना सेल कोमट होणं साहजिक आहे. हातात धरवत नसेल तर बटण बंद करा. चार्जिंग फरशीवर, माणूस जागा असताना करा. कडबा, पाचट, अंथरूण यांच्याजवळ नको. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात दुपारी तर नकोच, कारण ४५ अंशांपुढे लिथियम सेल चार्ज करायचा नसतो.

प्रश्न : पावसाळाभर टॉर्चमध्येच राहिलेला सेल १.८ व्होल्ट दाखवतो. दुसऱ्या सेलला तार जोडून जागा करता येतो म्हणतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : येतो, पण करू नका. इतका उतरल्यावर आतलं तांबं विरघळू लागतं. पुढच्या चार्जला ते भलतीकडे साचून आतल्या आत शॉर्ट होतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको. पुढच्या वेळी ३.७ ते ३.८ व्होल्टवर सेल बाहेर काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच नाही. सेलची सगळी नळी ऋण असते आणि वरच्या धन टोकाभोवती वीज अडवणारी फक्त एक पातळ चकती, त्यामुळे वेष्टन फाटलेला सेलही बाद समजा.

प्रश्न : ई-सिगारेटचे सेल जास्त ताकदीचे असतात, ते टॉर्चला घालू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठवण आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे त्या वाटेने आलेला माल घेऊच नका. शिवाय ते सेल एकदम मोठा प्रवाह द्यायला बनवतात, त्यापायी साठवण कमी असते. तुमच्या टॉर्चला एक-दोन अँपिअर पुरतात, तिला रात्रभर टिकणारा सेल हवा.