अठरा हजारांचा फोन घ्यावा की सव्वीस हजारांचा?

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी निफाड तालुक्यातील आमची द्राक्षबाग पाहतो. साडेचार वर्षे वापरलेल्या माझ्या फोनने आता मान टाकली आहे. महात्मा गांधी रोडवरील दुकानदाराने दोन फोन दाखवले. १८ हजारांच्या फोनला १२ जीबी रॅम आणि १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, तर २६ हजारांच्या फोनला ८ जीबी रॅम आणि ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा. बँकेचे व्यवहार, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि पानांवरील रोगाचे फोटो सल्लागारांना पाठवणे एवढाच माझा वापर आहे. मग आठ हजार रुपये जास्त का मोजावेत?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांपैकी एकही आकडा हा निर्णय घेण्यास उपयोगाचा नाही. पुष्कळदा खोक्यावरील १२ जीबी म्हणजे ८ जीबी खरी रॅम आणि साठवणुकीतून उसनी घेतलेली ४ जीबी असते. ही उसनवारी खऱ्या रॅमच्या मानाने फारच संथ असते, त्यामुळे खऱ्या रॅमचा आकडा दुकानदाराला वेगळा विचारावा. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी नऊ-नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो आणि ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा चार-चार बिंदू जोडून साधारण तेवढाच.

आपल्याला पानाच्या खालच्या बाजूची डाऊनी या रोगाची पांढरी बुरशी स्पष्ट दिसायला हवी. त्यासाठी ‘मॅक्रो’ म्हणून दिलेल्या २ मेगापिक्सेलच्या भिंगाच्या नादी लागू नये. या किमतीच्या फोनमध्ये ते बहुधा कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यापुरतेच असते. मुख्य कॅमेऱ्याने वीतभर अंतरावरून, दुप्पट झूम करून काढलेला फोटो सल्लागारांच्या अधिक उपयोगी पडेल. मात्र मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी भिंग सावरून धरणारी सोय आहे का, हे अवश्य पाहावे, कारण वेलींच्या मांडवाखाली उजेड कमी असतो. पडद्याची परीक्षा दुकानातील दिव्यांखाली होत नाही. जाहिरातीतील निट्सचा, म्हणजे पडद्याच्या प्रखरतेचा मोठा आकडा बहुधा पडद्याच्या लहानशा भागापुरता मोजलेला असतो, म्हणून दोन्ही फोन दुकानाबाहेर भर उन्हात नेऊन त्यांवर एखादा संदेश वाचून पाहावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

आता किमतीकडे वळू. फोनची किंमत त्याला सुरक्षा अपडेट मिळण्याच्या उरलेल्या वर्षांनी भागून पाहावी. ही वर्षे आपल्या खरेदीपासून मोजली जात नाहीत. बहुतेक कंपन्या ती ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आणि आपल्याकडील बहुतेक ग्राहक इथेच फसतात. समजा, १८ हजारांच्या फोनला तीन वर्षांचे आश्वासन आहे आणि तो वर्षभरापूर्वी बाजारात आला आहे, तर दोनच वर्षे उरतात. वर्षाला ९ हजार रुपये पडले. समजा, २६ हजारांच्या फोनची पाच वर्षे शिल्लक आहेत आणि मध्येच बॅटरी बदलायला अडीच हजार रुपये लागले, तर साडेअठ्ठावीस हजार भागिले पाच, म्हणजे वर्षाला ५,७०० रुपये. अपडेट थांबले म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, पण ज्यात बँकेचे व्यवहार आहेत तो फोन असा वर्षानुवर्षे वापरू नये. आपण साडेचार वर्षे एक फोन टिकवला आहे, तेव्हा मी महागड्या फोनच्या बाजूने आहे. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला मी याच्या नेमका उलट सल्ला दिला असता.

हा हिशेब जमण्यासाठी त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र नाशिकमध्येच असले पाहिजे. बॅटरीसाठी फोन मुंबईला पाठवावा लागत असेल तर स्वस्त फोनचा पुन्हा विचार करावा. फोनला आयपी ६७ हे पाणी-धुळीपासून बचावाचे मानांकन असले तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. फवारणीच्या द्रावणाला ती लागू नाही, आणि आत द्रव गेल्यास बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. फवारणीच्या वेळी फोन मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला बरा. बिल पक्के घ्यावे, त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लिहून घ्यावा आणि *#06# दाबून तो तिथेच पडताळावा.

प्रश्न : ‘बिनव्याजी हप्ते’ खरोखर बिनव्याजी असतात का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दिली जाते. क्रेडिट कार्डावर घेतल्यास त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि पुष्कळदा प्रक्रिया शुल्कही, व हे दोन्ही सहसा आपल्याच माथी येतात. दुकानदाराला रोखीचा भाव आधी विचारावा, हप्त्यांचे नाव नंतर काढावे. दोन्ही भावांत फरक निघाला, तर तेच आपले व्याज.