वारीत सीपॅप चालेल का?

प्रश्न: मी 63 वर्षांचा निवृत्त शिक्षक. स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास अडतो तो आजार) तीन वर्षं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, लावून झोपतो. दाब 11, अडॅप्टरवर 24 व्होल्ट लिहिलंय. यंदा आळंदीहून पंढरपूरला दिंडीबरोबर पायी जायचं मनात आहे. राहुटीत वीस जण, विजेचा भरवसा नाही. पुतण्या म्हणतो मोठी पॉवर बँक घ्या, दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर-बॅटरी घ्या. सौ. म्हणते, मशीन चालणार नसेल तर जायचंच नाही. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर: गुरुजी, वहिनींचं बरोबर आहे. पण त्यासाठी वारी सोडायला नको. हे मी आयटीआयमध्ये वायरमन शिकवणारा मास्तर म्हणून सांगतो, आणि स्वतः सहा वर्षं तोंडावर मास्क बांधून झोपणारा म्हणूनही.

आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी मी यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची बॅटरी आणि एक छोटा इन्व्हर्टर घेऊन निघालो. वाल्ह्याच्या मुक्कामी दहाला मशीन लावलं, अकराच्या सुमारास ते बंद. शिकवायला विजेचा हिशेब, आणि हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद करायचा मीच विसरलो! सकाळी शेजारचे म्हणाले, "माउली, रात्रभर ट्रॅक्टर चालू होता."

दोष बॅटरीचा नव्हता. सीपॅपमधली हवा ढकलणारी मोटर फारच थोडी वीज घेते. खरी खादाड आहे ती पाणी तापवणारी प्लेट आणि गरम होणारी नळी. घरी परतल्यावर मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. माझा दाब 9. ह्युमिडिफायर आणि नळी बंद ठेवून सात तासांत 70 वॅट-तास, म्हणजे युनिटचा चौदावा भाग. दोन्ही चालू ठेवून त्याच्या चौपट. तुमचा दाब 11 आहे, तेव्हा थोडं जास्त धरा, पण दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. मीटर आणा आणि स्वतःच्या मशीनचा आकडा काढा. ह्युमिडिफायरशिवाय झोपलेलं तुम्हाला मानवेल का, हे मात्र डॉक्टरांना विचारा. माझं नाक आषाढाच्या दमट हवेत कुरकुरत नाही. फलटणच्या पुढे वारा आणि धूळ वाढली की थोडं कोरडं पडतं.

पुतण्याची पॉवर बँक 20,000 एमएएचची असेल तर तिच्यात 74 वॅट-तास मावतात. आकडा ऐकायला भारी, पण रात्र जेमतेम निघेल, आणि ती काही सरळ 24 व्होल्ट देत नाही. दुकानदाराचा सल्लाही मला पटत नाही. दहा वॅटच्या मशीनसाठी इन्व्हर्टर लावला तर तो नुसता चालू राहायलाच पाच-आठ वॅट खातो. बॅटरीचं आधी 230 व्होल्ट करायचं आणि अडॅप्टरनं ते परत 24 वर आणायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

त्यापेक्षा 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिच्यात 256 वॅट-तास असतात, वजन तीनेक किलो. तिच्यापुढे 12 चे 24 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागेल. तो तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा. काही मशीन मधल्या पिनवरून अडॅप्टर ओळखतात, परका दिसला की चालतच नाहीत. वायर जाड आणि आखूड ठेवा, आणि बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज बसवा. फ्यूजवर मी विद्यार्थ्यांना बोलायचो तसाच तुम्हालाही बोलेन: त्याशिवाय राहुटीत आणूच नका. एवढ्यावर तुमच्या दोन रात्री आरामात जातील, कदाचित तिसरीही.

चार्जिंगला तिचाच चार्जर न्या, 5 अँपिअरचा. कीर्तन संपेपर्यंत दिंडीचा जनरेटर चालतो, तेवढ्या वेळात तो दीड-दोन तास लावला की एका रात्रीची भरपाई झाली. विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मोबाइलवाल्यांच्या गर्दीत तुमची पिन कुणी उपटणार नाही. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री मुक्काम असतो, तिथे पूर्ण भरून घ्या. सोलर पॅनेलच्या नादी लागू नका, आषाढातल्या ढगांचा काय भरवसा? दिंडीच्या सामानाच्या ट्रकवर चार्ज करायचं म्हणाल तर आधी चालकाला विचारा. मोठ्या ट्रकची वायरिंग बहुधा 24 व्होल्टची असते. गाडीतला 12 व्होल्टचा चार्जर तिथे लावला तर धूर निघेल.

मशीन ट्रकमध्ये देताना पाण्याचं भांडं रिकामं आणि कोरडं करा. थेंबभर पाणी मोटरमध्ये गेलं तर पंढरपूरपर्यंत दुरुस्ती नाही. हवेचे फिल्टर चार जास्तीचे घ्या, दिवेघाटापर्यंतच पहिला काळा होईल. एखादी रात्र मशीनशिवाय काढावीच लागली तर कुशीवर झोपा, झोपेची गोळी घेऊ नका, आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा.

निघायच्या पंधरा दिवस आधी घरी सलग तीन रात्री बॅटरीवरच झोपून बघा, मेन स्विच बंद करून. वहिनींना बाजूला घड्याळ घेऊन बसवा, मशीन किती वाजता बंद पडतं ते लिहून ठेवतील. आणि बॅगेवर मोठ्या अक्षरात नाव घाला. आमच्या दिंडीत तशाच काळ्या तीन बॅगा होत्या, एकीत तर नुसते टाळ निघाले.