१६व्या-१७व्या शतकातल्या कॅथलिक समाजात आई वारली, तर मूल धर्ममातेकडे (गॉडमदरकडे) जायचं का?

आपोआप नाही, मूल सहसा नातेवाइकांकडेच राही, कारण धर्ममाता ही कायदेशीर पालक नव्हती. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे बाळाला ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीच्या वेळी तान्ह्याच्या वतीने सैतानाला नाकारायचं, पुढे त्याला प्रार्थना शिकवायच्या, हे तिचं चर्चने ठरवलेलं काम. खरा व्यवहार मोठ्यांमधला: दोन घरं जोडली जात. हे नातं इतकं पक्कं की बायको वारलेल्या बापाला मुलाच्या धर्ममातेशी चर्चच्या खास सवलतीविना लग्न करता येत नसे. पूर्वी एका बाळाला अनेक धर्ममाता-धर्मपिते असत. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने एकच, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री, अशी मर्यादा घालून नावं नोंदवहीत लिहायला लावली. धर्ममाता-धर्मपित्यांच्या जागा कमी झाल्यावर इटलीत अनेकांनी त्यासाठी वजनदार घरं गाठली. अर्थात जिथे धर्ममाता सख्खी मावशी किंवा आत्या असे, तिथे पोरकं मूल तिच्याच घरी वाढणंही शक्य होतं, पण ते रक्ताच्या नात्याने.